रोज काय लिहायचं? आधी कीर्द, मग खतावणी

जानेवारी आला की आपल्याकडे डायऱ्या वाटल्या जातात. पतसंस्था देते, विमा एजंट देतो, खतांचं दुकानही देतं. घरात तीन-चार साठतात. त्यातल्या एकीत पहिल्या आठवड्यात छान अक्षरात पान-पान भरून लिहिलं जातं, दहा-बारा तारखेपर्यंत ओळी कमी होतात आणि संक्रांतीनंतर पानं कोरी. उरलेली डायरी मग किराणाच्या यादीला नाहीतर मुलांच्या कच्च्या गणितांना कामी येते.

रोज काहीतरी लिहावं असं वाटणारी माणसं आपल्या भागात भरपूर आहेत. निवृत्त शिक्षक आहेत, दुकानदार आहेत, बँकेतून घरी आल्यावर अर्धा तास मोकळा असलेल्या बायका आहेत. का थांबलात असं विचारलं की उत्तर बहुतेक एकच येतं, 'सुचत नाही.' बातमीदाराला ही सवलत नाही. संध्याकाळी मजकूर द्यावाच लागतो, मग तो नगरपालिकेच्या सभेचा असो नाहीतर भेंडीच्या भावाचा. पण स्वतःसाठी लिहिणाऱ्यावर कुणाचा तगादा नसतो, आणि तिथंच गाडी अडते.

माझ्या मते 'सुचत नाही' हे दुखणं कमी आणि हिशेबाची पद्धत चुकल्याची खूण जास्त आहे. कॉमर्सवाल्यांना हे लगेच पटेल, इतरांसाठी थोडं सविस्तर सांगतो.

जुन्या मराठी हिशेबात दोन वह्या मुख्य. एक कीर्द, म्हणजेच रोजकीर्द. दुसरी खतावणी. कीर्दीत त्या त्या दिवशी जे घडलं ते घडलं त्या क्रमानं उतरवायचं. कोण आलं, किती दिले, किती घेतले. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला नावे. सुरुवात आदल्या दिवशीच्या श्री शिल्लकेपासून, म्हणजे हातात उरलेल्या रोकडीपासून. खतावणी नंतर. कीर्दीतल्या नोंदी उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर टाकायच्या, मग कुणाकडून किती येणं आहे, धंद्यात नफा की तोटा, हे दिसायला लागतं. कीर्द लिहिताना कारकून नफ्या-तोट्याचा विचार करत बसत नाही. त्याला तेव्हा ते कळणारही नसतं.

रोज लिहायला बसणारा माणूस मात्र नेमकं हेच करायला जातो. कीर्द न लिहिता एकदम खतावणी. आजच्या दिवसाचं सार काय, त्यातून मला काय कळलं, वाचणाऱ्याला काय मिळेल, हे सगळं रात्री साडेनऊला, दमलेल्या डोक्यानं. वर्षाच्या ३६५ दिवसांत सार निघेल असे दिवस किती असतात? बाकीच्या दिवशी डोकं रिकामं वाटतं, कारण आपण त्याच्याकडे भलतीच गोष्ट मागत असतो.

आता तोच दिवस कीर्दीसारखा मांडून बघा. एक नमुना देतो:

श्री शिल्लक: काल येतो म्हणालेला गॅसवाला आजही आला नाही.

जमा: आत्याचा हैदराबादहून फोन, दहा मिनिटं, गुडघा अजून दुखतोय. पाऊस दुपारी चारला, पंधरा मिनिटंच. मागल्या दारी पेरूला फुलं.

नावे: दाखल्यासाठी अर्धा दिवस गेला. रांगेत पुढच्या माणसाशी मी कन्नडात बोललो, त्यानं मराठीत उत्तर दिलं. मग दोघंही हसलो.

एवढंच. पाच-सहा ओळी, सात मिनिटं. यात सुचायचं काही नव्हतं, आठवायचं होतं. पण शेवटच्या ओळीत एक अख्खा लेख दडलेला आहे हे तुमच्या लक्षात आलं असेल. तो आज लिहायची गरज नाही, नोंद झाली हे पुरे. पहिली ओळही बघा. काल अर्धवट राहिलेलं आज पुढं ओढलं की कोऱ्या पानाची भीती राहत नाही, कारण पान कोरं नसतंच. त्यावर कालची शिल्लक असते.

ही कल्पना माझ्या खिशातली नाही. पेशवे दफ्तरात अशा रोजकीर्दी आहेत. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यातून उतारे निवडले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते अनेक भागांत छापले गेले. इतिहासाचे अभ्यासक आजही ते उघडतात. ज्या कारकुनांनी ते लिहिलं त्यांच्या डोक्यात इतिहास वगैरे काही नव्हतं. अमक्याला इतके रुपये पावले, तमक्या गावाला सूट दिली, असला तो मजकूर. त्या काळी राज्य कसं चालायचं हे आज त्यातूनच कळतं. रामदासांनीही दासबोधात लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास लिहिलाय, एकोणिसाव्या दशकाचा पहिला. त्यात प्रतिभेची चर्चा नाही. अक्षर वाटोळं आणि सुटं कसं काढावं, शाई, कागद, लेखणी कशी असावी, असा सगळा कामाचा मामला आहे.

आपल्या घरांत अशी कीर्द चालूच आहे, फक्त तिला कुणी लेखन म्हणत नाही. १९७३ पासून निघणारं कालनिर्णय भिंतीवर असतं. त्याच्या चौकोनात बघा. दूध दीड लिटर, सिलिंडर लावला, पेपरवाल्याला पैसे दिले, धाकटीला ताप. बहुतेक घरांत हे अक्षर बाईचं असतं, आणि वर्षानुवर्षं ती एक दिवस चुकत नाही. 'मला लिहायला जमत नाही' असं तीच म्हणते, तेव्हा हसू येतं.

दुधाच्या हिशेबातला एक शब्द मला फार उपयोगाचा वाटतो: खाडा. भैया आला नाही, आपण गावाला गेलो, की त्या तारखेवर खाडा मांडायचा. महिन्याच्या शेवटी तेवढे पैसे वजा. खाडा पडला म्हणून दूध कुणी बंद करत नाही. लिहिण्याच्या बाबतीत मात्र दोन दिवस चुकले की आपण सगळंच सोडून देतो, जणू व्रत मोडलं. डायऱ्या संक्रांतीला थांबतात त्याचं मोठं कारण हे आहे. सण, पाहुणे, दोन दिवस राहतात, तिसऱ्या दिवशी मागचं भरून काढायचं दडपण येतं आणि वही कपाटात जाते. मागचं भरून काढूच नका. 'खाडा, दोन दिवस' एवढं लिहा आणि आजच्या तारखेला या.

याला अभ्यासाचाही आधार आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक नवीन गोष्ट करायला लावून बारा आठवडे निरीक्षण केलं. दुपारच्या जेवणाबरोबर फळ खाणं, जेवणाआधी पळायला जाणं, अशा साध्या गोष्टी. ती गोष्ट आपोआप घडायला लागेपर्यंत लागलेल्या दिवसांचा मधला आकडा निघाला ६६. पण माणसागणिक फरक प्रचंड, १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. शिवाय एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्याच्या प्रक्रियेला फारसा धक्का बसला नाही. हा अभ्यास लिहिण्यावरचा नव्हता, आणि लिहिणं फळ खाण्यापेक्षा कठीणच. पण एवढं नक्की, की 'एकवीस दिवसांत सवय लागते' या वाक्यावर विसंबून बाविसाव्या दिवशी निराश होण्यात अर्थ नाही. तो एकवीसचा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जननं १९६० च्या पुस्तकात रुग्णांवरून मांडलेला अंदाज होता, तोही 'निदान' एकवीस असा. पुढं लोकांनी 'निदान' गाळून टाकलं.

त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट उचलण्यासारखी. सवय कशाला तरी बांधलेली होती, जेवणाला, नाश्त्याला. 'वेळ मिळेल तेव्हा लिहीन' हे कुठंच बांधलेलं नसतं. रात्रीची भांडी आवरल्यावर, दुकानाचा गल्ला मोजल्यावर, सकाळच्या चहाबरोबर, असं काहीतरी पकडा.

हिशेबी लेखकाचं टोकाचं उदाहरण म्हणजे इंग्लंडचे अँथनी ट्रोलप. टपाल खात्यात नोकरी, ब्रिटनमध्ये रस्त्यावरची पोस्टपेटी आणण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं, आणि कादंबऱ्या ४७. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचे. उठवणाऱ्या नोकराला त्यासाठी वर्षाला पाच पौंड जादा. समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द. आठवड्याला किती पानं झाली याची नोंद वहीत, सरासरी ४० पानं, आणि शब्द मोजलेले. कमी पानांचा आठवडा वहीत दिसला की डोळ्यांना खुपायचा, असं त्यांनीच आत्मचरित्रात लिहिलंय. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १८८३ मध्ये आलं आणि अनेकांची खप्पा मर्जी झाली. हा काय लेखक, हा तर कारकून! मला विचाराल तर कारकून म्हणवून घेण्यात कमीपणा काही नाही. पण २५० शब्दांचा तो नेम आपल्याला झेपणारा नाही. वहीत नोंद ठेवायची तेवढी गोष्ट घ्यावी.

आता आपल्या सीमाभागातली खरी अडचण. ती 'सुचत नाही'च्या आड लपलेली असते: 'माझं मराठी शुद्ध नाही.' घरी मराठी, ऑफिसात कन्नड नाहीतर इंग्रजी, मोबाईलवर रोमन अक्षरात खिचडी. इंदूर-ग्वाल्हेरला हिंदी, बडोद्याला गुजराती. बोलायला भाषा आहे, लिहायची वेळच येत नाही. लग्नपत्रिका आणि श्रद्धांजलीचा फलक सोडला तर कित्येक घरांत वर्षभर मराठी वाक्य लिहिलं जात नाही. हात विसरतो. मग कधी लिहायला घेतलं की पुण्या-मुंबईचा कुणीतरी अदृश्य मास्तर मागं उभा असल्यासारखं वाटतं.

कीर्दीला मास्तर नसतो. बेळगावात 'जायलोय', 'करायलोय' म्हणता तर तसंच लिहा. बडोद्याच्या घरात भाजीला 'शाक' म्हणत असतील, गोव्यात पाववाला 'पोदेर' असेल, तर तोच शब्द नोंदीत येऊ दे. हे शब्द छापील मराठीत फारसे मिळत नाहीत. तुम्ही नाही लिहिले तर कोण लिहिणार? ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर चुकलं. टाइप करायचा कंटाळा असेल तर मोबाईलच्या कीबोर्डवरचा माईक दाबून मराठीत बोला, तो लिहून घेतो. आपले खास शब्द तो हमखास चुकवतो, तेवढे हातानं दुरुस्त करावे लागतात.

तरीही वाक्य जुळत नसेल तर कुणाला तरी उद्देशून लिहा. आपल्याच मातीतलं उदाहरण जी. ए. कुलकर्णींचं. बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्यात जन्म, धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवलं, लोकांत मिसळणं अगदी कमी. पण या माणसानं पत्रं किती लिहिली! सुनीता देशपांड्यांना आणि इतरांना लिहिलेल्या पत्रांचे पुढं खंड निघाले. 'वाचक' म्हटला की जीभ अडखळते, पण पुण्याच्या बहिणीला आजचं सांगायचं म्हटलं की तीच जीभ सुटते. पत्र पाठवायलाच हवं असंही नाही.

एक अडचण मात्र सहसा कुणी बोलून दाखवत नाही. एकत्र घरात वही सुरक्षित नसते. सासूबद्दल, भावाच्या वाटणीबद्दल, नवऱ्याच्या पिण्याबद्दल लिहायचं कुठं? ती भीती असली की माणूस खोटं-गोड लिहितो आणि खोट्या-गोडाचा लवकर कंटाळा येतो. अशांनी मोबाईलमध्ये कुलूप लावून लिहावं, किंवा वहीत फक्त खूण करावी. 'आज ते परत' एवढं लिहिणाऱ्याला पुरतं. दुसऱ्याला कळत नाही.

सहा महिने, वर्ष अशी कीर्द झाली की खतावणीचा दिवस काढा. व्यापारी पाडव्याला नवी वही घालतात, तेव्हा जुनी हातात घेऊन बसायला हरकत नाही. पेन्सिल घ्या आणि समासात खाती लिहीत चला: पाऊस, आई, दुकान, दाखले, शेजारी, पेरूचं झाड. ज्या खात्यावर नोंदी जास्त, तिथं लिहिण्यासारखं काहीतरी आहे. रांगेत कन्नडात बोललात तशी आणखी चार-पाच माणसं वर्षभरात भेटलेली निघतील. मग तो लेख लिहायला बसा, त्यासाठी सुचण्याची वाट बघावी लागत नाही.

ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या कीर्दी आहेत त्यांनी त्या एकदा बाहेर काढाव्यात. बऱ्याच मोडीत असतात, घरात वाचता कुणालाच येत नाहीत, म्हणून रद्दीत जातात. मोडी वाचणारे अजून आहेत, दोन पानं तरी वाचून घ्या. आणि आपली वही लिहिताना नातवाचा विचार ठेवा. तो कदाचित इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात शिकलेला असेल, देवनागरी अक्षर जुळवत वाचेल. म्हणून तारीख पूर्ण घाला, गावाचं नाव लिहा, 'आक्का आली' असं लिहिलं तर कुणाची आक्का, ते कंसात टाका.