धंदा कोणत्या वयात, भागीदार कोणता?

मेहकर तालुक्यातील डोणगावसारख्या गावात भागीदारी बहुधा ओट्यावर ठरते. बावीस वर्षांच्या पोराच्या हातात वेल्डिंगचे कसब असते, पन्नाशीच्या चाचांकडे सोयाबीनच्या व्यापारात शिल्लक पडलेले दोन लाख असतात. ‘बिस्मिल्लाह करा’ म्हणून चहा होतो आणि दुकान उघडते. कागद होत नाही, कारण आपसात कागद मागणे म्हणजे अविश्वास, असा समज आहे. हा समज आम्हाला घातक वाटतो.

आधी वयाचे पाहू. अमळनेरला मुहम्मद हाशम प्रेमजी यांनी १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी काढली, तेव्हा ते तिशीचे होते. १९६६ साली त्यांचे निधन झाले आणि अमेरिकेत शिकणारे चिरंजीव अझीम २१ व्या वर्षी कारभारावर बसले. तीच पुढे विप्रो झाली. पण चालता कारखाना हाती येणे वेगळे, शून्यातून उभारणे वेगळे. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, सर्वांत झपाट्याने वाढलेल्या नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचे स्थापनेवेळचे सरासरी वय ४५ निघाले. ज्या धंद्यात आधी उमेदवारी केली तोच काढणारे अधिक यशस्वी झाले, हेही त्यात दिसले. तिकडचे माप इकडे तंतोतंत लागणार नाही, पण उमेदवारीचे मोल आपल्या मिस्त्रीलाही ठाऊक आहे.

म्हणून पोर आणि चाचा ही जोडी आम्हाला दोन समवयस्क वेल्डरांच्या जोडीपेक्षा बरी वाटते. दोघेही वेल्डर असले तर उधारी वसूल करायला कोण जाणार? अशा जोडीला मोठा दाखलाही आहे. हजरत मुहम्मद (स.) पंचविशीत हजरत खदीजा (र.) यांचा माल घेऊन शामला गेले, प्रचलित रिवायतीनुसार त्या तेव्हा चाळीस वर्षांच्या होत्या. भांडवल एकाचे, मेहनत दुसऱ्याची, यालाच फिकहमध्ये मुजारबत म्हणतात.

आता खरी अडचण इथेच आहे. समजा, वर्षअखेर ४० हजारांचा तोटा आला. मुजारबतीत तो चाचांच्या भांडवलातून जातो. पोराची हयगय किंवा कराराचा भंग नसेल तर त्याची फक्त मेहनत वाया जाते. पण १९३२ चा भागीदारी कायदा म्हणतो की वेगळे ठरले नसेल तर नफा आणि तोटा सारखा वाटायचा. म्हणजे ज्याने एक पैसा घातला नाही, त्याच्या अंगावर २० हजार! दोघांनी मनात मुजारबत धरली होती, हे तोंडी कसे सिद्ध करणार? उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. मग भागीदारीच तोंडी का?

भागीदारीपत्रात भांडवल कोणाचे किती, नफ्याचा हिस्सा, तोटा कोणाचा, हिशेब कोण ठेवणार आणि एकाने सोडल्यास अवजारांची किंमत कशी लावायची, एवढे असावे. चाचांना ‘महिना अमुक रुपये’ असे ठरवून देऊ नका. ती भागीदारी राहत नाही. पेढीची नोंदणीही करा. नोंदणी नसलेल्या पेढीला कराराच्या येण्यासाठी गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही.

एक गोष्ट मात्र पत्राने सुटत नाही. लोखंडाच्या व्यापाऱ्याचे देणे थकले तर तो दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो. तोटा चाचांचा, असे आपसात लिहिलेले त्याला बांधत नाही. म्हणून उधारीवर माल किती उचलायचा, याची मर्यादा पहिल्याच दिवशी ठरवावी.

काही वडील सोळा वर्षांच्या मुलाचे नाव भागीदार म्हणून घालतात. अठरा पूर्ण होईपर्यंत त्याला, इतर सर्वांच्या संमतीने, फक्त फायद्यात घेता येते. त्याची जबाबदारी पेढीतील हिश्श्यापुरतीच असते. हे त्याला ठाऊक असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत जाहीर नोटिशीने राहणार की नाही, हे त्याने सांगायचे. नोटीस दिली नाही तर तो पूर्ण भागीदार ठरतो, आणि फायद्यात घेतल्या दिवसापासूनच्या देण्यांना स्वतः जबाबदार होतो.