जर्मनीत मापाचं फर्निचर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जर्मनीत भाड्याचं घर घेतलं की बहुधा चार रिकाम्या भिंतीच हाती येतात. कपाटं नसतात, कित्येकदा स्वयंपाकघरात ओटा आणि सिंकही नसतं. जुन्या इमारतीत छत तीन मीटरांहून उंच असतं, माळ्यावरच्या घरात ते एका बाजूला उतरत आलेलं असतं. अशा जागेत दुकानातलं तयार कपाट बसतच नाही, किंवा बसलं तरी निम्मी जागा वाया जाते. पुण्या-नाशिकच्या घरात आपण सुताराला बोलावतो, तो माप घेतो आणि हवं तसं करून देतो. परदेशात ते जमणार नाही असं आधीच ठरवून अनेक मराठी कुटुंबं वर्षानुवर्षं गैरसोय सोसतात. तशी गरज नाही. या विषयातले काही गैरसमज दूर करायला हवेत.

गैरसमज 1: मापाचं फर्निचर इथे श्रीमंतांनाच परवडतं.

वस्तुस्थिती: इथे खर्च वाढतो तो मुख्यतः कारागिराच्या तासांमुळे. त्याची मजुरी, विमा, कार्यशाळेचं भाडं आणि त्यावर 19 टक्के मूल्यवर्धित कर, हे सगळं बिलात येतं. लाकडाचा वाटा त्यामानाने लहान असतो. म्हणून पैसे वाचवायचे तर तास वाचवायचे.

ओबी, हॉर्नबाख, बाउहाउस अशा बाउमार्क्टमध्ये, म्हणजे बांधकाम साहित्याच्या मोठ्या दुकानांत, फळ्या मिलिमीटरच्या मापाने कापून मिळतात. अनेक ठिकाणी कडांना पट्टीही लावून देतात. सरळ, काटकोनी काप असतील तर घरच्या करवतीपेक्षा हे काम कितीतरी नेटकं होतं. आपण फक्त मापांची यादी नीट करून न्यायची. कपाटाची बाहेरची रुंदी 1000 मिलिमीटर आणि बाजूच्या फळ्या 19 मिलिमीटर जाड असतील, तर मधले कप्पे 962 मिलिमीटरचे लागतील. ही वजाबाकी विसरली तर सगळ्या फळ्या फुकट जातात, कारण कापलेला माल दुकान परत घेत नाही.

खण आणि दारं हे खरं कौशल्याचं काम. तिथे तयार सांगाडा वापरावा. आयकियाचं पॅक्स कपाट 201 आणि 236 सेंटिमीटर उंचीत, 35 आणि 58 सेंटिमीटर खोलीत मिळतं. ते उभं करायचं आणि छतापर्यंतची, कोपऱ्यातली उरलेली जागा मापाने कापलेल्या फळ्यांनी भरायची. बघणाऱ्याला सगळं एकसंध दिसतं.

गैरसमज 2: भारतात बनवून जहाजाने आणलं की स्वस्त पडतं.

वस्तुस्थिती: मजुरी नक्कीच वाचते, पण बाकीचा हिशेब उलटा होतो. जहाजाचं भाडं सुट्या मालाला मुख्यतः घनमीटरवर लागतं आणि कपाट म्हणजे बहुतांश रिकामी हवा. शिवाय बंदरावरची हाताळणी आणि तिथून घरापर्यंतची वाहतूक. वस्तूची किंमत अधिक वाहतूक, या बेरजेवर पुन्हा 19 टक्के आयात कर. खोक्याचं लाकूडसुद्धा आंतरराष्ट्रीय नियमानुसार प्रक्रिया केलेलं लागतं. उष्णतेची प्रक्रिया असेल तर लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस तापमान सलग 30 मिनिटं राहावं लागतं.

घर हलवणाऱ्यांना सामानावर करसवलत मिळते हे खरं. पण त्यासाठी युरोपीय संघाबाहेर सलग किमान 12 महिने राहिलेलं असावं लागतं, वस्तू किमान 6 महिने वापरातली असावी लागते आणि वास्तव्य हलवल्यापासून 12 महिन्यांत ती आणावी लागते. खास बनवून घेतलेलं कोरं फर्निचर यात बसत नाही.

शिसम आणि शिसवीबाबत आणखी सावध राहावं. ही झाडं ज्या डालबर्जिया वंशातली आहेत तो वंश 2017 पासून साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आहे. त्यामुळे जड फर्निचरला निर्यातीची आणि युरोपातल्या आयातीची, दोन्हीकडची कागदपत्रं लागतात. सागाला हे बंधन नाही.

त्यात हवामानाचा प्रश्न. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात लाकडात 15 टक्क्यांच्या आसपास ओल असते. जर्मनीत हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की ती 6 ते 8 टक्क्यांवर येते. फळी रुंदीत आकसते, सांधे उघडतात, टेबलाच्या पृष्ठभागाला भेग पडते. म्हणून सागाचा छोटा देव्हारा, पाट, चौरंग जरूर आणावा. कपाट आणि पलंग मात्र इथेच करावेत.

गैरसमज 3: रोखीने, बिलाशिवाय काम करून घेतलं की फायदा होतो.

वस्तुस्थिती: जर्मनीतल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ऑगस्ट 2013 मध्ये स्पष्ट केलं की कर चुकवण्यासाठी बिलाशिवाय ठरवलेला करार रद्दबातल असतो आणि काम खराब निघालं तरी ग्राहकाला दाद मागता येत नाही. वाचवलेला कर एका वाकड्या दारात निघून जातो.

उलट बिल घेतलं आणि पैसे बँकेतून दिले, तर घराच्या दुरुस्ती-सुधारणेसाठी घरात झालेल्या कामाच्या मजुरीचा 20 टक्के भाग, वर्षाला जास्तीत जास्त 1200 युरो, आयकरातून वजा होतो. कार्यशाळेत झालेल्या कामाला ही सवलत नाही, म्हणून बिलात दोन्ही मजुऱ्या वेगळ्या मांडून घ्याव्यात.

इथला सुतार, ज्याला उत्तरेत टिशलर आणि दक्षिणेत श्रायनर म्हणतात, बहुतेक काम आपल्या कार्यशाळेत करतो आणि घरी फक्त बसवायला येतो. स्वतःचा धंदा चालवायला या व्यवसायात साधारणपणे माइस्टर ही पात्रता लागते. त्याच्याकडून आधी लेखी अंदाजपत्रक घ्यावं. मापाने बनवलेली वस्तू ऑनलाइन मागवली तरी 14 दिवसांत परत करण्याचा नेहमीचा हक्क तिला लागू होत नाही. दोषाबद्दल तक्रारीचा हक्क मात्र कायम राहतो.

गैरसमज 4: अस्सल लाकूड नसेल तर फर्निचर टिकत नाही.

वस्तुस्थिती: टिकाऊपणा रचनेवर ठरतो. तेवढंच वजन ठेवून फळीची लांबी दुप्पट केली तर ती आठपट वाकते. जाडी दुप्पट केली तर वाक आठव्या हिश्शावर येतो. पुस्तकं किंवा धान्याचे स्टीलचे डबे ठेवायचे असतील तर लांबलचक कप्पा करू नये, मध्ये उभी फळी द्यावी. ओझं पेलायला बर्चचं मुल्टिप्लेक्स प्लायवूड उत्तम. कपाटाच्या बाजूंना मेलामाइन लावलेला पार्टिकल बोर्ड पुरतो, फक्त सिंकजवळ त्याच्या कडा पाण्यापासून पक्क्या बंद हव्यात.

गैरसमज 5: भाड्याच्या घरात मापाचं फर्निचर म्हणजे पैसे वाया.

वस्तुस्थिती: एकच अखंड कपाट करून घेतलं तर वाया जाईल. दोन-तीन सुट्या पेट्या केल्या तर नाही. त्या अरुंद जिन्यातून जातात, पुढच्या घरात वेगळ्या रचनेत उभ्या राहतात. पायांना कमी-जास्त करता येणारे स्क्रू असावेत, कारण जुन्या घरात जमीन समपातळीत नसते आणि भिंती ओळंब्यात नसतात. उंच कपाट भिंतीला बांधायलाच हवं, विशेषतः घरात मुलं असतील तर. त्यासाठी मोजकी भोकं पाडायला सहसा हरकत नसते, घर सोडताना ती बुजवावी लागतात. स्वयंपाकघराचं फर्निचर पुढच्या भाडेकरूला विकून जाण्याचीही इथे रूढ पद्धत आहे.

गैरसमज 6: हत्यारं नाहीत, तेव्हा आपल्याला जमणार नाही.

वस्तुस्थिती: अनेक जर्मन शहरांत नागरिकांसाठी खुल्या कार्यशाळा आहेत. म्युनिकचं हाउस डेर आयगेनआरबाइट 1987 पासून हेच काम करतं. पैसे भरून जागा आणि यंत्रं वापरता येतात, जाणकार मार्गदर्शनही मिळतं. फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे प्रौढांसाठीच्या सार्वजनिक शिक्षण संस्थांत, सुतारकामाचे वर्ग असतात. घरात जोडणीपुरतं काम असेल तर ड्रिल, गुण्या आणि मोजपट्टी पुरते.

तेव्हा पहिलं फर्निचर लहान निवडा: बुटांचं कपाट किंवा खिडकीखालची मांडणी. जागेचं माप तीन ठिकाणी घ्या आणि सर्वांत कमी भरेल ते धरा. कापणी दुकानाकडून करून घ्या, जोडणी स्वतः करा आणि जिथे खरंच कसब लागतं तेवढ्याच कामासाठी सुताराला पूर्ण दाम द्या. या तीन वाटण्या जमल्या की परदेशातलं घरही आपल्या मापाचं करता येतं, आणि ते बेताच्या पगारातही करता येतं.