वीज गेली, तरी फरशी कोरडी

डहाणूच्या औष्णिक केंद्राची क्षमता 500 मेगावॉट. तिथली वीज मुंबईच्या उपनगरांना जाते. खुद्द डहाणू-तलासरीत मात्र पावसाळी वाऱ्यात दिवे गेले, की खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीची परीक्षा सुरू होते.

पंप थांबताच ओव्हरफ्लोच्या कडेवरचं पाणी खालच्या संपमध्ये, म्हणजे साठवण टाकीत, उतरतं. 120 बाय 45 सेंटिमीटरच्या टाकीत पातळी 2 सेंटिमीटर घटली, तरी 10.8 लिटर, पाइपांतलं वेगळं. संपमध्ये तेवढी जागा रिकामी हवीच. पाणी वर आणणाऱ्या नळीचं तोंड खोल बुडालेलं असेल, तर उलटा सायफन लागून टाकी उपसली जाते. म्हणून त्या नळीला पृष्ठभागालगत छोटं भोक पाडतात. ते शेवाळाने बुजतं, हे बहुतेक जण विसरतात.

एरवी पाणी संपमध्ये उतरवणाऱ्या नळीत गुडगुड होते, ती पाण्यासोबत ओढल्या जाणाऱ्या हवेची. त्यावर तीन नळ्यांची ‘बीनअ‍ॅनिमल’ रचना सरस: पहिली व्हॉल्व्हने आवळून पूर्ण भरलेली, दुसरीत उरलेली बारीक धार, तिसरी उंच तोंडाची, एरवी कोरडी, आणीबाणीपुरती.

व्हॉल्व्ह पीव्हीसीचा, गेट प्रकारचा घ्यावा. पितळ नको, त्यातलं तांबं कोळंबी आणि प्रवाळांना मारक असतं.

मासे सोडण्यापूर्वी मेन स्विच स्वतःच बंद करून बघा.