सरकणारे पडदे

विश्रामबाग सांगलीत की मिरजेत, असं पाहुण्यांनी विचारलं की आम्ही सांगतो, दोन्हींच्या मध्ये. विलिंग्डन कॉलेज 1919 पासून इथं आहे, वालचंद कॉलेजही इथलंच, आणि रेल्वेचं एक छोटं स्टेशन आहे, जिथं गाडी थांबली तरी बरेच जण 'मिरज आलं का?' म्हणून डोकावतात. 1998 मध्ये सांगली-मिरजेसह तीन गावांची मिळून एक महापालिका झाली, पण सांगलीकर अजून सांगलीकर आणि मिरजकर अजून मिरजकर. अशा मधल्या ठिकाणी राहणाऱ्याला 'रागा जॅझ स्टाइल' ही तबकडी आवडावी, यात नवल नाही.

1968 साली शंकर-जयकिशन यांनी मुंबईत ती केली. सिनेसंगीतातली ही मातब्बर जोडी. एकेका गाण्यासाठी व्हायोलिनांची अख्खी पलटण बसवणारी. इथे मात्र गाणं नाही, पडदा नाही, नायिका नाही. सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, ड्रम्सवर लेस्ली गोदिन्हो, पियानोवर लुसिला पाशेको, बासवर एडी ट्रॅव्हस, आणि इलेक्ट्रिक गिटार घेऊन अनिबल कॅस्ट्रो आणि दिलीप नाईक. जोडीला तबला आणि बासरी. निम्म्याहून अधिक नावं गोव्याच्या वळणाची आहेत आणि तो योगायोग नाही. चर्चच्या शाळेत सोल्फा आणि व्हायोलिन शिकलेली गोव्याची मुलं मुंबईला आली, रात्री हॉटेलांत जॅझ वाजवू लागली आणि दिवसा स्टुडिओत हिंदी गाणी. सिनेमाचं नोटेशन लिहिणारे, वाद्यमेळ बांधणारे सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे लोक याच वाटेने आले. म्हणजे राग आणि जॅझ यांची ओळख या तबकडीने करून दिली नाही; ते एकाच स्टुडिओत वर्षानुवर्षं शेजारी बसत होते. फक्त एकमेकांशी बोलायची पाळी आली नव्हती.

काळही तसाच होता. 1966 साली लंडनमध्ये कलकत्त्याचे जॉन मेयर आणि जमैकाचे जो हॅरियट यांनी असाच मेळ जमवला होता. 1968 च्या जानेवारीत जॉर्ज हॅरिसन मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत येऊन इथल्या वादकांकडून 'वंडरवॉल' या चित्रपटाचं संगीत वाजवून घेऊन गेला. बाहेरचा माणूस येऊन आपल्या मालाचा भाव सांगू लागला, की घरच्यांनाही गाठोडं उघडून बघावंसं वाटतं.

आता खरी अडचण, आणि ती सतारीपासून सुरू होते. सतार ऐकायची सवय मला मिरजेने लावली. विश्रामबागेतून सतारमेकरांच्या वस्तीत पोचायला फार वेळ लागत नाही. त्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हत्यारांचं काम ओसरलं आणि फरीदसाहेबांपासून ते हात वाद्यांकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीचं लाकूड, आणि मग सगळ्यात नाजूक काम, जवारी. घोडीचा माथा कानसीने इतका अलगद घासायचा, की तार त्याला नुसती चाटून जावी आणि आवाज मधमाशीसारखा गुंजत राहावा. एक घास जास्त पडला तर तार बोथट बोलते. धार लावणाऱ्यांच्या वंशजांनी हे काम उचलावं, यात काही तरी चोख आहे. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गल्लीला मात्र आपली ओळख आधीपासूनच ठाऊक होती.

सतारीचे पडदे दांडीला दोऱ्याने बांधलेले असतात. तोडी वाजवायची तर कोमल गंधार आणखी उतरावा म्हणून वादक त्याचा पडदा जरा खुंट्यांकडे सरकवतो. तोडीचा गंधार पेटीच्या पट्टीत सापडत नाही. शिवाय पडदा धनुष्यासारखा वाकवलेला, म्हणून एकाच पडद्यावर तार बाजूला ओढून चार-पाच स्वरांची मींड निघते. गिटारचे पडदे लाकडात ठोकलेले. सप्तकाचे बारा सारखे तुकडे, घासाघीस नाही. पियानोचं तर विचारूच नका. मग तोडीत सतार आणि गिटार एकत्र वाजली, की कुणाचा गंधार खरा मानायचा?

दुसरा पेच कॉर्डचा, आणि तो जास्त गमतीचा आहे. साधा कॉर्ड म्हणजे सा, ग आणि प. मालकंसात पंचमच नाही. म्हणजे षड्जावर उभा राहील असा साधा कॉर्ड रागात बसतच नाही. मालकंसाचेच स्वर घेऊन छान वाजणारा कॉर्ड हवा तर कोमल धैवत, षड्ज, कोमल गंधार हे तीन मिळतात. पण ते बासने धैवतावर टेकवून वाजवले, की कानाला धैवतच घराचा उंबरा वाटू लागतो आणि षड्ज पाहुणा होतो. तानपुऱ्याने जो षड्ज शाबूत राखायचा, तोच गिटारच्या एका फटक्यात सरकतो.

या तबकडीत अकरा राग आहेत: तोडी, भैरव, मालकंस, कलावती, तिलककामोद, मियाँ मल्हार, बैरागी, जयजयवंती, मिश्र पिलू, शिवरंजनी आणि शेवटी, मैफलीच्या रिवाजाप्रमाणे, भैरवी. एका एलपीत एवढे राग, म्हणजे वाट्याला येणार तीन-चार मिनिटं. तेवढ्यात विलंबित उलगडायचं नसतंच. आलापीचा वेळ सतारीने सोडला, आणि सतत कॉर्ड बदलत राहण्याची चैन जॅझने सोडली. दोघांनी आपापली सर्वांत मोठी श्रीमंती दाराबाहेर ठेवली म्हणून बैठक जमली. शुद्धतेवाल्यांना यात रागाचा अपमान दिसतो. मला दिसत नाही. पण मियाँ मल्हार इतक्या घाईत आटोपलेला ऐकताना मलाही चुटपुट लागते, हे कबूल करतो.

रईस खान नसते तर हे सगळं हॉटेलच्या बँडसारखं झालं असतं. इंदूरला 1939 साली जन्मलेले, बीनकाराचे चिरंजीव, विलायत खानांचे भाचे. सिनेमाच्या स्टुडिओत त्यांची उमेदीची वर्षं गेलेली, मदनमोहनच्या कितीतरी गाण्यांतली सतार त्यांचीच. चार ओळींच्या मधल्या जागेत सगळं सांगून मोकळं व्हायची सवय त्यांना होती, आणि ती इथे कामी आली. ते 1986 मध्ये पाकिस्तानात गेले, 2017 मध्ये कराचीत वारले.

गिटारचा पेच सोडवायच्या आणखी दोन तऱ्हा त्याच काळात निघाल्या. ब्रिजभूषण काब्रांनी गिटार आडवी घेऊन लोखंडी दांडा तारांवर फिरवला. पडद्यांनाच फाटा, मींड हवी तेवढी. दुसरी तऱ्हा अमान्सिओ डिसिल्वाची. 1936 मध्ये मुंबईत गोवन घरात जन्मलेला हा गिटारवादक 1967 साली लंडनला गेला. 1969 मध्ये त्याने जो हॅरियटबरोबर 'हम दोनो' केली आणि पुढे क्लेम आल्फर्ड या सतारियाला सोबत घेतलं. 1972 साली ध्वनिमुद्रित झालेल्या एका तबकडीचं नाव त्याने ठेवलं 'कोकण डान्स'. लंडनमध्ये बसून. ती फडताळातच राहिली. तो 1996 मध्ये गेला आणि त्यानंतर दहा वर्षांनी, 2006 मध्ये, ती बाहेर आली.

परवा संध्याकाळी पुन्हा 'रागा जॅझ'मधली तोडी लावली. गंधार कुणाचा खरा, ते शोधत बसलो होतो. एवढ्यात मिरजेची गाडी शिट्टी देत गेली, तिचा सूर दोघांच्याही गंधारात बसत नव्हता.