रशियन चांदीचा चमचा : आधी छाप वाचा, मग भाव करा

जुनी चांदी वजनावर घेऊन गाळणे हा सराफीतला रोजचा व्यवहार. परंतु मोडीत एखादा रशियन चमचा आला, तर तो मुशीत टाकण्यापूर्वी दांड्याची मागील बाजू भिंगाखाली धरावी, अशी आमची व्यापारी व कारागीर बांधवांना विनंती आहे. टंच, गाव आणि काळ यांची खूण तिथेच असते. न वाचता गाळला तर हुनराची किंमत जाते. न वाचता विकत घेतला तर फसगत होते.

८४ म्हणजे टक्के नव्हेत

झारच्या काळात रशियात टंच शेकड्यात नव्हे, तर ९६ भागांत मोजत. एका भागाला झोलोत्निक म्हणत. ८४ म्हणजे ९६ पैकी ८४ भाग शुद्ध चांदी. आजच्या हिशेबाने हजारात ८७५. तसेच ८८ म्हणजे सुमारे ९१६ आणि ९१ म्हणजे सुमारे ९४८. ८४ छापाच्या ६० ग्रॅम चमच्यात ५२.५ ग्रॅम शुद्ध चांदी असते. ८४ टक्के समजून हिशेब केला तर ५०.४ ग्रॅमच भरते आणि विकणाऱ्याचे २.१ ग्रॅम बुडतात. माप पुरे द्यायचे तर आकड्याचा अर्थ ठाऊक हवा.

काळ कसा ओळखावा

१८९९ पूर्वीच्या मालावर गावाची खूण वेगळी असते. सेंट पीटर्सबर्गची खूण एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन नांगर व राजदंड. मॉस्कोची, अजगराला भाल्याने मारणारा घोडेस्वार. जोडीला परीक्षकाची आद्याक्षरे असतात आणि पुष्कळदा त्यांच्याखाली सालही असते.

१८९९ पासून कोकोश्निक हा उंच शिरपेच घातलेल्या स्त्रीचे मुख आले. मुख डावीकडे असेल तर १८९९ ते १९०८. उजवीकडे असेल आणि आकडा ८४ असेल तर १९०८ नंतरचा माल. १९२७ पासून हातोडीसह कामगाराचे मुख व ८७५ सारखे आकडे आले. १९५८ पासून ताऱ्यात विळा-हातोडा आला. १९९४ पासून पुन्हा स्त्रीमुख सुरू झाले, पण त्याच्याजवळ ९२५ सारखा हजारी आकडा असतो. असा चमचा कोणी झारच्या काळचा म्हणून दाखवला, तर घेऊ नये.

दागिस्तानातील कुबाची गावचे मुस्लिम कारागीर चांदीवर काळ्या भरणीच्या नक्षीसाठी प्रसिद्ध आहेत. त्यांच्या सोव्हिएत काळातील चमच्यांवर ८७५ आढळतो. असा माल गाळण्याचा नव्हे, जपण्याचा.

नकली माल

नुसता ८४ हा पुरावा नव्हे. इराणी चांदीवरही ८४ असतो, कधी उर्दू वाचणाऱ्यास सहज कळेल अशा आकड्यांत. अस्सल छाप ठोकलेला असतो, त्यामुळे त्याच्या कडा तीक्ष्ण असतात. वापराने झिजल्या तर सारा चमचा त्याच बेताने झिजलेला दिसतो. ओतीव नकलेत छाप बोथट दिसतो व आत बारीक खड्डे असतात. संचातल्या प्रत्येक चमच्यावर छाप केसभरही न हलता एकाच जागी असतील, तर संशय घ्यावा. फाबर्जेचे नाव पाहून तर दुप्पट सावध व्हावे. त्या नावाच्या नकली मालाने बाजार भरला आहे.

काळी भरणी किंवा मीनाकारी असलेल्या चमच्यावर तेजाब लावू नये, घासून चकचकीतही करू नये. वजन करावे, छापाचे ठसठशीत छायाचित्र घ्यावे आणि जाणकाराला दाखवूनच भाव सांगावा.