पंपाला दोन घरची वीज

श्रोतेहो, शाळेचे वसतिगृह असो, तालुक्याचे रुग्णालय असो की चारमजली इमारत असो, तिथे पाण्याची व्यवस्था बहुधा एकाच तऱ्हेची असते. खाली जमिनीत एक टाकी, वर गच्चीवर दुसरी आणि दोहोंच्या मधे पंप. वीज आहे तोवर पंपाची आठवण कोणाला होत नाही. वीज गेली, वरची टाकी आटली आणि मुले सकाळी तोंड धुवायची खोळंबली, म्हणजे जनरेटर आणण्याची धावपळ सुरू होते. अपघाताचे बीज पेरले जाते ते या धावपळीतच. तेव्हा ही दुसरी वीज पंपाला कशी जोडावी, आणि कशी जोडू नये, याचा आज विचार करू.

घाईत लोक काय करतात? जनरेटरच्या तारा थेट पंपाच्या स्टार्टरला नेऊन जोडतात. पंप फिरतो, पाणी चढते, सगळे खूश! पण वीज कंपनीची लाईनही त्याच जागी जोडलेली आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. जनरेटरची वीज पंपाकडे जाते, तशीच ती मीटरमधून मागे खांबावर आणि तिथून डीपीकडेही जाऊ शकते. डीपीतला ट्रान्सफॉर्मर एरवी ११,००० व्होल्टचे ४१५ व्होल्ट करतो. उलट्या बाजूने वीज मिळाली, की तोच ४१५ चे ११,००० करू लागतो. मागच्या लाईनवर पुष्कळ भार असला तर जनरेटर दमून बंद पडेल. पण लाईन जवळच तुटलेली असली तर तो चालूच राहील. आणि ती तुटलेली तार जोडायला, लाईन बंद आहे अशा समजुतीने, खांबावर लाईनमन चढलेला असेल. त्याचे काय होईल, ते मी सांगावयास नको.

याला उपाय एकच, तो म्हणजे चेंजओव्हर स्विच. त्याच्या दांडीला तीन जागा असतात. एका टोकाला कंपनीची वीज, मधे बंद, दुसऱ्या टोकाला जनरेटर. दोन्ही टोके एकदम लागूच शकत नाहीत, अशी त्याची घडण असते. दोन घरचा पाहुणा उपाशी, असे आपण म्हणतो; इथे मात्र पाहुण्याने एका वेळी एकाच घरी जेवायचे आहे. थ्री-फेजसाठी हा स्विच चार पोलचा घ्यावा, म्हणजे तीन फेजबरोबर न्यूट्रलही बदलतो. "मी आठवणीने आधी मेन स्विच पाडतो," असे कोणी म्हणेल. पण ज्या दिवशी आठवण राहणार नाही, त्या दिवसाकरिताच हा स्विच आहे. आपोआप बदलणारे पॅनेल असेल, तर त्यातील दोन कॉन्टॅक्टर एकदम लागू नयेत म्हणून विजेची आणि यंत्राची, अशी दुहेरी अडसर हवी.

आता जनरेटर केवढा घ्यावा? ५ हॉर्सपॉवरची मोटर सुमारे ७ ते ८ अँपिअर घेते. परंतु थेट सुरू केली, तर पहिल्या क्षणी त्याच्या सहापट ओढते. लहान जनरेटर इथेच मान टाकतो. स्टार-डेल्टा स्टार्टरने हा पहिला धक्का साधारण एकतृतीयांशावर येतो.

एका वसतिगृहात जनरेटर जोडल्यावर पंप फिरत होता, आवाज करीत होता, पण पाणी जेमतेम चढत होते. तासभर पाईप तपासण्यात गेला. अखेर कळले, की दोन फेजची अदलाबदल होऊन पंप उलटा फिरत होता! म्हणून दोन्ही विजांवर फेजचा क्रम एकच आहे ना, हे पहिल्याच दिवशी पाहून ठेवावे. एक फेज गेली तर पंप बंद करणारे सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवावे, नाहीतर मोटर जळते.

टाकीतल्या फ्लोट स्विचची तार पाण्यात जाते. तिला २३० व्होल्ट देण्यापेक्षा ट्रान्सफॉर्मरने २४ व्होल्ट द्यावे. वरच्या टाकीचा फ्लोट पाणी भरताच पंप थांबवील. खालच्या टाकीतला फ्लोट पाणी संपताच थांबवील, म्हणजे पंप कोरडा चालणार नाही. या नियंत्रणाची वीज चेंजओव्हरच्या पुढून घ्यावी. ती दुसरीकडून आणली, तर स्विच पाडल्यावरही पेटीत वीज जिवंत राहते आणि हात घालणारा फसतो. पंप आपोआप सुरू होणारा असेल, तर तशी पाटी लावावी. आणि दुरुस्तीपूर्वी चेंजओव्हरची दांडी मधे आणून कुलूप लावावे, किल्ली आपल्या खिशात ठेवावी आणि टेस्टरने पाहिल्यावाचून तारेला हात लावू नये.

मोटरच्या व जनरेटरच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थिंग हवेत. जनरेटर उघड्यावर ठेवावा. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू ना दिसतो, ना त्याला वास येतो. बंद खोलीत तो माणसाचा प्राण घेतो. आणि ही सारी जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्यावी.

शिक्षकमंडळींना एक विनंती आहे. उद्या शाळेच्या पंपघरात जाऊन एवढेच पाहा : जनरेटरची तार कोठे जोडली जाते? मधे चेंजओव्हर आहे का? नसेल, तर तो बसेपर्यंत जनरेटर जोडू देऊ नका. एक दिवस पाणी बादल्यांनी भरता येते. खांबावरून पडलेला माणूस मात्र परत उभा करता येत नाही.