कुदळ ठेवून संगीन

देवगिरीच्या पायथ्याशी अंबरकोटाच्या तटाजवळ उभं राहिलं की मला तोफांआधी सुरुंग आठवतो. 1633 मध्ये मोगल सरदार महाबतखानाने हा तट सुरुंग पेरूनच फोडला. जमिनीखाली उकरत जाणाऱ्या त्या माणसांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

हेच काम करणाऱ्यांची पलटण आपल्याकडे पुण्याजवळ खडकीला आहे. बॉम्बे सॅपर्सची परंपरा 1777 पासूनची. जुनी माणसं ‘सफरमैना’ म्हणत, मूळ शब्द सॅपर्स अँड मायनर्स. पूल बांधणं, वाट काढणं, खंदक खणणं, तट उडवणं हा त्यांचा धंदा. पण प्रत्येक सॅपरला बंदूकही शिकवतात. पायदळ कमी पडलं की त्याने पायदळ व्हायचं.

ती वेळ पहिल्या महायुद्धात, 28 ऑक्टोबर 1914 रोजी फ्रान्समधल्या नव शापेल या खेड्यात आली. खडकीच्या 20 आणि 21 नंबरच्या कंपन्यांना 47 शीख पलटणीबरोबर हल्ल्याला पाठवलं. दारूगोळ्याने ढासळलेल्या गल्ल्यांतून, घराघरांतून संगिनींनी लढत हे लोक गावात घुसले. गाव हातात आलंही. पण मागून कुमक पोचली नाही, जर्मनांनी उलट मारा केला आणि माघार घ्यावी लागली. दोन्ही कंपन्यांचे इंग्रज अधिकारी एकतर पडले, नाहीतर जखमी झाले. जवानांपैकी सुमारे तिसरा हिस्सा गारद झाला. सुभेदार मल्लासिंग यांना पुढे मिलिटरी क्रॉस मिळाला. ते गाव पुन्हा ताब्यात यायला मार्च 1915 उजाडला.

त्यांच्या शौर्याबद्दल शंकाच नाही. पण माझ्या मते तो हुकूम फार महाग पडला. बंदूकधारी काही महिन्यांत तयार होतो. नदीचा वेग पाहून पूल कुठे टाकायचा हे कळणारा हात वर्षानुवर्षांनी घडतो. असा एक हात वाचला तर काय होतं, ते एप्रिल 1948 मध्ये काश्मीरच्या युद्धात दिसलं. याच बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांनी नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढत रणगाड्यांना वाट करून दिली. परमवीर चक्र त्यांना हयातीत मिळालं.

नव शापेलला 1927 पासून भारतीय सैनिकांचं स्मारक उभं आहे; ज्यांची कबर सापडली नाही अशा चार हजारांहून अधिक जणांची नावं तिथे कोरलेली आहेत. फ्रान्सला गेलात तर पॅरिस पाहून परतू नका. तिथे जा, आणि खडकीहून निघालेल्या सफरमैनांची नावं मोठ्याने वाचा.